राहून गेलेली कानपिळी

दाजी, तुमच्या तेरवीला माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर रुपयाएवढा लाल डाग होता आणि तो वाढत होता. मांडवातल्या सगळ्यांना तो दिसत होता, फक्त मला नाही. आक्काचा भाऊ म्हणून मी पुढच्या रांगेत बसलेलो. येणारा-जाणारा माझ्या छातीकडे बघायचा, एकदम गंभीर व्हायचा आणि पुढे सरकायचा. मला वाटलं, माझं दुःख लोकांना दिसतंय. मी मान आणखी जरा खाली घातली.

शेवटी धावड्याहून आलेले तुमचे चुलते काठी टेकत जवळ आले आणि कानाशी वाकून म्हणाले, “दिगंबर, लागलं का रे कुठं? रगत येऊन राह्यलं.”

रगत नव्हतं. लाल पेन होतं. उन्हानं रिफील पातळ झाली आणि खिशातल्या खिशात वाहून गेली.

बायकोनं मला पाण्याच्या टाकीमागं ओढत नेलं. “तेरवीला कुणी लाल पेन घेऊन येतं का हो? काय तपासणार होता, पंगत?” तिनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं. रुपयाचा डाग बशीएवढा झाला. तेवढ्यात आक्का आली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून घराबाहेर आली होती. तिनं डाग पाहिला, त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. यांचे बी खिसे असेच असायचे.”

खरंच की. बियाण्याला लावायच्या औषधाचा गुलाबी रंग तुमच्या नखांत, खिशांत, रुमालाच्या घड्यांत कायमचा. लग्न झाल्यापासून आक्का तो रंगच धूत आली. आम्ही तिघं टाकीमागं उभं राहून हसलो, दाजी. तुमच्या तेरवीला. मग आक्का हसता हसता खाली बसली, आणि पुढचं तुम्हाला सांगत नाही.

ते पेन मी तेरा दिवस खिशात घेऊन फिरत होतो, कारण तुमची वही तपासायची राहिली होती. तेरा दिवस कसले, आधीचा सव्वा महिनाही धरा. तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर दोनच शब्द लिहिले होते, ‘खरं तपास.’ तेवढं एक काम होतं माझ्याकडे.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला पुन्हा एकदा सांगू द्या. मी सांगायला लागलो की तुम्ही मधेच “पुढं सांग, जल्दी” म्हणायचात. आता कुणी म्हणणार नाही, म्हणून निवांत सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तुम्ही आमच्याकडे पोहे खाताना बशी खाली ठेवली आणि म्हणालात, “दिगू, कंपनीत पाव्हणे येतात, परदेशाचे. बियाण्याच्या ग्रेडिंगची मशीन बघायला. ते नवं इंजिनिअर पोरगं त्यांना सांगतंय, मशीन अशी, मशीन तशी. त्यातलं अर्धं चुकीचं सांगतंय. आन् मी शेजारी हात मागं बांधून उभा. मशीनचाच एखादा पार्ट असल्यासारखा.”

“मग मराठीत सांगा की त्या पोराला.”

“त्याला सांगून काय करू? मला त्या पाव्हण्याला सांगायचंय. माझ्या तोंडानं. रिटायर व्हायच्या आधी एकदा. तू मला इंग्रजी शिकव.”

पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशात अडकला. कारण घरातला इंग्रजीचा माणूस मी. शाळेच्या ऑफिसात क्लार्क, फॉर्म भरतो, शिक्के मारतो, म्हणून ही पदवी. शिवाय आपल्या नात्यातल्या एका लग्नात मी एका डॉक्टरांना ‘प्लीज बी सीटेड’ म्हणालो होतो, आणि त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं जगत होतो. बँकेचं पत्र आलं की माझ्याकडे. मिक्सर आणला की त्याचं पुस्तक माझ्याकडे. मी ते चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो आणि सांगायचो, “जपून वापरा असं म्हणतात.” आजवर एकही मिक्सर जळला नाही, हे माझं नशीब.

तुम्हाला शिकवायचं म्हटल्यावर मला घाम फुटला. मी म्हणालो, “दाजी, हे काम पद्धतशीर झालं पाहिजे. जुन्या जालन्यात एक मॅडम मोठ्या माणसांचा क्लास घेतात. तुम्ही नाव घाला. मी येतो सोबतीला.”

सोबतीला. शब्द बघा कसा निवडला मी.

क्लास धान्याच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात पोती, पोत्यांवर मांजर, आणि शेजारच्या गोदामातल्या मिरचीनं प्रत्येक धड्याला दोन-चार शिंका. नसीम मॅडम आपल्या पोरांच्या वयाच्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा दहा-बारा पिकल्या केसांच्या मंडळींना सरळ बसवलं. त्यांचा एक नियम होता, वाक्य खरं पाहिजे. “झूठा सेंटेन्स नको. ग्रामर बराबर असला तरी झीरो.” मी लिहिलं होतं, ‘आय प्ले क्रिकेट एव्हरी डे.’ मॅडमनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि शून्य दिलं. तुम्ही लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ इंग्लिश.’ तुम्हाला पैकीच्या पैकी.

तुम्हाला तो नियम फार आवडला. जिना उतरताना म्हणालात, “बिलकुल बराबर बोलली पोरगी. मशीनपाशी बी असंच हाय. खोटं चालत न्हाई.”

दुसरा नियम मात्र माझ्या मुळावर आला. जोडीदारानं जोडीदाराची वही तपासायची. रोज पाच नवे शब्द, त्यांची दहा वाक्यं, आणि बरोबरला बरोबरची खूण, चुकीला फुली. आता सांगा, तुमच्या वहीत मी फुली कशी मारणार होतो? तुम्ही आमचे जावई. आमच्या आईनं मरेपर्यंत तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. एका दिवाळीला तुम्ही ‘भाजीत मीठ जरा जास्त’ म्हणालात, तर ती आठवडाभर स्वतःच्या ताटात मीठ घेत नव्हती. जावयाला चूक दाखवायची रीतच नव्हती आमच्या घरात. एकच प्रसंग असतो असा, लग्नातल्या कानपिळीचा, नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. तेव्हाही मी तुमच्या कानाला नुसता हात लावला. भटजी म्हणाले, “अहो, पिळा की! बहिणीला नीट सांभाळ म्हणून सांगायचंय, ताप बघायचा नाही.” मांडव हसला. तुम्हीही हसलात. मी मात्र हात मागं घेतला तो घेतलाच.

तर, दहापैकी दहा. रोज. लाल पेनानं, ठसठशीत.

एकदा तुम्ही सेकंड शिफ्टला होतात आणि मॅडमच्या हाती तुमची वही लागली. “दिगंबर सर, हे सगळं राइट कसं?”

मी खरं ते सांगितलं. “मॅडम, ते आमचे जावई आहेत.”

वर्ग हसून हसून बाकावरून खाली आला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “क्लास में कोई जमाई नहीं होता सर. तुम्ही त्यांना हाथ पकडके गड्ढ्यात नेताय.”

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं, विनोद म्हणून. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “त्या म्हणतात ते खरं हाय,” एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. तुम्हाला मात्र मी सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी मॅडमना परभणीला नोकरी लागली आणि क्लास बंद झाला. मला वाटलं, सुटलो. तुम्ही मात्र पुढच्या रविवारी दहाला हजर, काखेत वही. “मॅडम गेल्या म्हणून काय झालं? तू हायेस की.”

ते रविवार आता आठवले की मला काय होतं ते कोणत्या भाषेत सांगू, कळत नाही. तुम्ही घरभर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. कपाटाला कपाटाची, पलंगाला पलंगाची, लोणच्याच्या बरणीला बरणीची. देव्हाऱ्याला लावायला गेलात तेव्हा आक्कानं हात धरला, “देवाला चिठ्ठी लावायची न्हाई. त्याला मराठी येतं.” तुम्ही ती चिठ्ठी निमूटपणे मिठाच्या डब्याला लावलीत, त्यामुळे तुमच्या घरात मिठाला कितीतरी दिवस देव्हाऱ्याचं नाव होतं. परवा आक्काकडे गेलो होतो. चिठ्ठ्या तशाच आहेत. तिनं एकही काढलेली नाही. आरसा पुसताना ती चिठ्ठीच्या कडेकडेनं पुसते.

आणि जांबची वारी! म्हणजे आपली स्कूटरची, रामदासांच्या जांबची. तुम्ही जालन्याच्या बाहेर पडतानाच फतवा काढलात, “जांब येईपर्यंत मराठी बंद.” त्यामुळे आपण जवळजवळ गप्पच गेलो. तुम्ही मागून ‘स्लो’ म्हणालात, मी ‘येस’ म्हणालो. पुढे ‘डॉग’ म्हणालात, मी ब्रेक मारला. ‘थँक यू.’ मग कितीतरी वेळ काही नाही. मग तुम्ही एका शेताकडे बोट दाखवून, नियम मोडून हळूच विचारलंत, “नांगरटीला काय म्हणतात रे इंग्रजीत?”

मी गाडीचा आरसा नीट केला. “ते इंग्रजीतही नांगरटच म्हणतात, दाजी.”

“असं?”

“हो. काही काही शब्द तसेच असतात.”

माझ्या खांद्यावर हात होता तुमचा, तो दोनदा थोपटल्यासारखा हलला. मला वाटलं, खड्डा आला.

मग मार्चमध्ये तो दिवस आला. मी शाळेतून येऊन चप्पल काढत होतो, आणि तुम्ही कंपनीच्या कपड्यांतच दारात. टोपी हातात, नखं गुलाबी. बायकोनं पाणी दिलं, ते तुम्ही घेतलं नाही. वही टेबलावर ठेवलीत.

“पाव्हणे आल्ते आज.”

“मग? बोललात?”

“बोललो. मोठ्या साहेबांनीच सांगितलं, बोला म्हणून. म्या दहाच्या दहा वाक्यं म्हनली. एक बी इसरलो न्हाई. पाव्हणा माझ्याकडं बघतोय, मान हलवतोय. मला वाटलं, जमलं. मंग त्यानं त्या इंजिनिअरकडं बघितलं. आन् त्या पोरानं काय केलं, म्हाईत हाय? माझं इंग्रजी त्यानं त्याला इंग्रजीत सांगितलं.”

मला हसू आलं, दाजी. एवढंस्सं. ओठाच्या कोपऱ्यात. तुम्ही ते पाहिलंत. आयुष्यभर मी घरच्या बैठकींत लोकांना हसवत आलो, पण ते एक हसू मला परत घेता आलं असतं तर बाकीची सगळी देऊन टाकली असती.

तुम्ही वही उघडलीत. “ही दहा वाक्यं. तूच तपासलेली. दहापैकी दहा. त्या पोराला मी दुपारी विचारलं, बाबा, खरं सांग, काय चुकलं? त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या. बघ. मोज.”

मी मोजल्या नाहीत. मी म्हणालो, “दाजी, तुम्हाला चूक कसं म्हणू मी? जावई तुम्ही. तुमचा मान...”

“मान तुमच्या दारात. ताटाला, पाटाला. वहीत मला मान नको व्हता दिगू, फुल्या पायजे व्हत्या.” तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “लग्नात कान पिळायला लावला, तवा बी तू नुस्ता हात लावला. तवा शोभलं. आता तरी पिळायचा व्हता रे.”

आणि निघून गेलात. चहा ओट्यावर तसाच राहिला, साय धरेपर्यंत.

तुम्ही गेल्यावर मी बायकोसमोर बराच वेळ माझी बाजू मांडली. रीत असते, वडीलधारे असतात, शिवाय दोन-चार चुकांनी मशीन काय बंद पडणार होती का, आणि त्या इंजिनिअर पोरानं तरी गप्प बसायला काय हरकत होती. छान मुद्दे होते. ती म्हणाली, “हे सगळं मला कशाला? त्यांना सांगा.” मी सांगितलं नाही. मला वाटलं, आठवड्यात राग उतरेल, रविवारी दहाला येतील. रविवारी दहा वाजले. मी पोहे करायला लावले होते. मीच खाल्ले.

तीन आठवड्यांनी मी शाळेतून आलो तर टेबलावर वही.

“दाजी आल्ते दुपारी,” बायको म्हणाली. “ठेवून गेले.”

“काय म्हणाले?”

ती डाळ घोटत होती. जरा थांबली. “चहा घेतला. गेले.”

मी वही उघडली. पहिल्या पानावर ‘खरं तपास.’ पुढच्या पानावर मशीनबद्दल नवी दहा वाक्यं, तुमच्या त्या गोल, दाबून लिहिलेल्या अक्षरात. खाली पट्टीनं आखलेली चौकट, गुणांसाठी. शेजारी माझ्या सहीची जागाही सोडलेली. दिवाळीच्या आधी पाव्हणे परत येणार आहेत, हे मला आक्काकडून कळलं होतं. त्यानंतर तुम्ही रिटायर. म्हणजे हा शेवटचा मौका होता, आणि तरी तुम्ही वही माझ्याकडेच दिलीत. त्या पोराकडे नाही.

आता ऐका. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तो सव्वा महिना असा गेला नसता.

मी लाल पेन घेऊन बसलो होतो, दाजी. त्याच संध्याकाळी. ठरवून बसलो होतो की आज जावई नाही, मान नाही, कान पिळायचाच. पहिलं वाक्य वाचलं. बरोबर वाटलं. पुन्हा वाचलं. चूक वाटलं. तिसऱ्यांदा वाचलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. मला येत नव्हतं. तुमच्या वाक्यात काय चुकलंय ते मला कळतच नव्हतं. तेव्हा कुठं मी स्वतःशी कबूल केलं की आधीच्या सगळ्या वह्यांतल्या अर्ध्या खुणा मी रीत म्हणून दिल्या होत्या, आणि अर्ध्या अज्ञानातून. मानाच्या आड मी लपलो होतो. तुमच्या मानाच्या आड, माझा स्वतःचा मान जपत.

परीक्षेचं काम आहे, असं मी आक्काला फोनवर सांगत राहिलो. निकालाचं काम आहे. वही कपाटावर. पेन खिशात, कधीही वेळ मिळेल म्हणून. एकदा अर्ध्या रस्त्यातून तुमच्याकडे यायला निघालोही होतो. कॉलनीच्या वळणावर गाडी थांबवली. तुम्ही दारात झाडाला पाणी घालत होतात, तोंडानं काहीतरी पुटपुटत. शब्द पाठ करत असाल. मी गाडी वळवली. म्हटलं, वही तपासून झाली की ताठ मानेनं येऊ.

तुमचं ताट वाढलेलं असताना तुम्ही गेलात, असं आक्का सांगते. मला त्याबद्दल इथं काही लिहायचं नाही. सगळ्यांनी सगळं सांगून झालंय. मला एवढंच माहीत आहे की मी तुमच्या अंगणात पोचलो तेव्हा खिशात पेन होतं आणि तुम्हाला उचलायला वाकलो तेव्हा ते छातीत रुतलं.

परवाच्या रविवारी, दहा वाजता, मी वही कपाटावरून काढली. तेरवी झाली, डागाचा सदरा बादलीत पडला, नवं पेन आणलं. आणि नसीम मॅडमना परभणीला फोन लावला. लाज वाटली, पण लावला.

“अरे दिगंबर सर! अंकल कैसे हैं?”

मी सांगितलं. मग त्यांच्या क्लासमधल्या आवाजात त्या म्हणाल्या, “वही समोर आहे? पढो. पहला सेंटेन्स पढो.”

मी वाचत गेलो. त्या सांगत गेल्या, का चूक, का बरोबर. नुसतं सांगितलं नाही, माझ्याकडून म्हणवून घेतलं. पहिल्यात फुली. दाजी, मी तुमच्या वहीत पहिली फुली मारली. दुसरं बरोबर. तिसऱ्यात फुली. चौथं वाक्य तुम्ही लिहिलं होतं, ‘धिस मशीन नोज मी.’ मी मॅडमच्या आधीच फुली मारायला निघालो. म्हटलं, दाजींना म्हणायचं असणार की मी मशीनला ओळखतो, आणि लिहिलं उलटं, मशीन मला ओळखते. मॅडम म्हणाल्या, “रुको. गलत कुठंय? अंकलला तेच म्हणायचंय. सही आहे.”

म्हणजे खऱ्यानं तपासायला बसलो, तरी मी चुकतच होतो. पेन बाजूला ठेवून मी जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं. तुम्ही आवाजावरून सांगायचात, आज बियाण्यात ओल आहे. मशीन मोठ्यानं बोलते आज, म्हणायचात. आणि मी त्या मशीनला तुमची ओळख नाकारायला निघालो होतो.

दहावं वाक्य शेवटच्या ओळीवर, जरा दाटीनं लिहिलेलं. ते मशीनबद्दल नव्हतं. ‘माय ब्रदर-इन-लॉ विल चेक धिस नोटबुक ऑनेस्टली.’ माझा मेव्हणा ही वही प्रामाणिकपणे तपासेल.

“सही है,” मॅडम म्हणाल्या. मग हळूच, “ग्रामर सही है. सच है या नहीं, वो आप बताओ सर.”

सव्वा महिना आणि तुमच्यानंतरही ते वाक्य खोटं होतं, दाजी. तुमच्या वहीतलं एकुलतं एक खोटं वाक्य, आणि ते माझ्यामुळे. त्या क्षणी ते खरं झालं असावं, थोडंसं, उशिरानं. मी बरोबरची खूण केली.

दहापैकी सात. चौकटीत लिहिलं. सही केली. आणि हाताला मॅडमच्या शेऱ्यांची सवय लागलेली, म्हणून खाली लिहूनही गेलो, ‘चुकलेली वाक्यं पाच वेळा लिहून आणा.’

लिहून आणा. मी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो. फोन चालूच होता. मॅडम पलीकडून “सर? सर?” म्हणत होत्या.

बायको आतून आली. तिनं फोन उचलून मॅडमना “नंतर करतील” असं सांगितलं, आणि वही स्वतःकडे ओढून फुल्या मोजल्या. मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, मोठ्यानं. की मला येत नव्हतं. त्यांचा मान ठेवत होतो हे अर्धंच खरं, मला येतच नव्हतं गं, मी त्यांना फसवलं.

ती काही दचकली-बिचकली नाही. लाल पेनाला टोपण लावलं, ते माझ्या खिशात न ठेवता डब्यात ठेवलं. मग समोर बसली आणि म्हणाली, “वही ठेवायला आल्ते ना दाजी, तवा मी म्हणले, जरा रागवा त्यांना, म्हणजे जल्दी तपासतील. तर हसले. म्हणले, वैनी, घाई करू नका त्याला. त्याला बी येत न्हाई अजून, जांबच्या रस्त्यानंच कळलं मला. मॅडमला विचारील, हळूहळू शिकंल. पण मला कळलंय हे त्याला सांगू नका. घरातला इंग्रजीचा माणूस हाय तो. त्याचा बी मान हाय.”